रॉकेटं मोजणारी गच्ची

आखातातल्या बनेद अल-गार वस्तीतल्या त्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, एसीचे डबे आणि डिश अँटेना यांचं रान माजलं होतं. त्यात पूर्वेच्या अंगाला, समुद्राकडे तोंड करून, एक चटई मावेल एवढी मोकळी जागा उरली होती. तिथे यूसुफची शाळा भरायची. शाळेत विद्यार्थिनी दोन. एक त्याची अकरा वर्षांची मुलगी निदा आणि दुसरी तिसऱ्या मजल्यावरची शलाका. शलाकाचे वडील शशिकांत नाशिकचे, तेल कंपनीत इंजिनियर.

यूसुफचं दिवसाचं काम शहरातल्याच शुवैखमधल्या दुकानात, मोटारींचे जुने सुटे भाग विकायचं. पण मनाने तो मास्तरच. बारावी झाल्यावर त्याला गावच्या शाळेत शिकवायचं होतं. त्याच वर्षी वडील गेले आणि थोरल्या मुलाच्या हातात खडूऐवजी पासपोर्ट आला. तीस वर्षं झाली त्याला. शिकवायची हौस मात्र गेली नव्हती, आणि ती तो संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की गच्चीवर भागवून घेई.

हात लांब करून मूठ धरली की आकाशाचे दहा अंश झाकतात, करंगळी धरली की एक, हे त्याने मुलींना शिकवलं. भारतातून उपग्रह सुटायचा असला की मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून तो त्यांना उलटे आकडे मोजायला लावी. पहिला टप्पा गळून पडतो म्हणजे काय, दुसरा का पेटतो, हे तो तीन-तीनदा सांगे. कंटाळा हा शब्द त्याला ठाऊक नव्हता.

मग त्या जूनमध्ये लढाई पेटली, आणि एके संध्याकाळी मोबाईलमधलं रॉकेट खरोखरच्या आभाळात आलं.

आखातापलीकडे, इराणच्या बाजूला, कुठल्याशा शहरामागून एक नारिंगी ठिपका वर चढला. इथे अंधार पडू लागला होता, पण वर, फार वर, अजून ऊन होतं. त्या उन्हात शिरताच ठिपक्यामागचा धूर पांढराशुभ्र झाला आणि शाईच्या पाण्यात दुधाचा थेंब सोडावा तसा पसरत गेला. आवाज काही नाही.

"अब्बा, इट्स रियल!" निदा किंचाळली.

"मोजा," यूसुफ म्हणाला. "ओरडू नका, मोजा. किती मुठी वर आहे?"

त्या दिवसापासून वही सुरू झाली. वेळ, दिशा, मुठी, किती सेकंद दिसलं. दुसऱ्या संध्याकाळी दोन दिसली, तिसऱ्या संध्याकाळी पाच. टप्पा सुटला, तो अगदी त्याने सांगितला होता तसाच, आणि मुलींनी टाळ्या पिटल्या. यूसुफनेही पिटल्या. शशिकांत शलाकाला न्यायला वर आला होता, तो म्हणाला, "यूसुफभाई, काय दिवाळी आहे का ही?"

"शशिकांतराव, भ्यायचं त्यापेक्षा मोजलेलं बरं. हातात वही असली की पोरं घाबरत नाहीत."

"पोरांचं ठीक आहे. तुमचे डोळे काय चमकतायत एवढे?"

यूसुफ हसला. खोटं कशाला सांगा, त्याला मजा वाटत होती. जन्मभर जे पुस्तकात आणि पडद्यावर पाहिलं ते समोर उभं राहिलं होतं, आणि समोर म्हणजे पुरेसं लांब.

शलाकाने एकदाच विचारलं, "काका, हे पडतं कुठे?"

"फार लांब, बेटा," तो म्हणाला. एरवी कुठल्याही प्रश्नाला बोटं, मुठी आणि अंश सांगणाऱ्या माणसाने एवढंच उत्तर दिलं. दोघींना ते पुरलं.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी दुकानात फोन आला. गावाहून धाकटा भाऊ तल्हा बोलत होता.

"भाई," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलवेना.

"मां?" यूसुफने विचारलं.

"दुपारी जोहरच्या नमाजेला बसली होती. शेवटचा सलाम फिरवला नि तशीच कलंडली. माझ्या हातात, भाई. पाणी पाजायलाही वेळ नाही दिला."

त्यांची आई फखरुन्निसा, वय त्र्याऐंशी. मंडणगडच्या खाली, खाडीच्या काठावरचं गाव. तल्हा तिच्याजवळ राहिला, यूसुफने पैसे पाठवले. दोघा भावांची वाटणी ती एवढीच, आणि त्या वाटणीबद्दल घरात कधी एक वाकडा शब्द निघाला नव्हता. दर खेपेला यूसुफ निघताना म्हातारी एकच बोलायची. "मला सोनं नको, फ्रिज नको. माझ्या मातीला ये. कबरीत मला थोरल्याच्या हातानं उतरव." यूसुफ दर खेपेला हो म्हणायचा. तेवीस वेळा म्हटलं होतं.

"जनाजा कधी उठवताय?" त्याने विचारलं.

"तू सांग. लोक म्हणतात आजच, मगरिबनंतर. आपा ऐकत नाही. ती म्हणते भाई आल्याशिवाय मांला हात लावू देणार नाही."

नूरबानू आपा म्हणजे सगळ्यांत मोठी बहीण. तिच्यापुढे गावच्या मशिदीतले खतीबही जपून बोलत.

आपल्याकडे मयताला थांबवून ठेवत नाहीत. जितकी लवकर माती मिळेल तितकं बरं, असं मानतात. पण परदेशातल्या मुलासाठी एक रात्र थांबायचं, एवढी सवलत कोकणातल्या गावांनी आता स्वतःलाच देऊन टाकली आहे; घरोघरी कुणी ना कुणी बाहेर असतोच. शशिकांतने ऑफिसातून तिकीट काढलं. रात्री पावणेदहाचं विमान, पहाटे मुंबई, तिथून गाडीने पाच-सहा तास. म्हणजे यूसुफ उद्या दुपारच्या आत दारात. ठरलं, उद्या जोहरनंतर.

"बर्फ आणून ठेवतो," तल्हा म्हणाला. "तू फक्त ये."

संध्याकाळी बॅग दाराशी तयार होती. झुलेखाने तीत नवऱ्याचे दोन सदरे ठेवले, आणि सासूसाठी गेल्या हजवाल्यांकडून आणून ठेवलेली मक्केच्या जमजमच्या पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळली. "कफनावर शिंपडा," ती म्हणाली. "माझ्याकडून." सव्वासातला शशिकांत गाडी काढणार होता. विमानतळ काही लांब नाही.

"निदा कुठाय?"

"कुठं असायची? तुमच्या शाळेत. जा, भेटून या. दुपारपासून रडतेय, तुमच्यासमोर यायला बघत नाही."

यूसुफ लिफ्टने वर गेला. दोन्ही मुली कठड्याशी उभ्या होत्या. निदाचे डोळे सुजलेले, पण हातात वही होती. बापानेच शिकवलं होतं ना, मोजलं की भीती कमी होते म्हणून.

"अब्बा, लुक!" ती म्हणाली.

समुद्रापलीकडे एक ठिपका चढत होता. मग दुसरा. मग तिसरा आणि चौथा जवळजवळ एकदमच. इतकी एकावेळी कधी दिसली नव्हती. धुराचे पांढरे पंखे एकात एक मिसळले आणि अख्खं पूर्वेचं आभाळ दुधाळ झालं. खाली रस्त्यावर गाड्या थांबू लागल्या. समोरच्या गच्च्यांवरही माणसं होती, सगळ्यांचे मोबाईल वर. कुणीतरी शिटी मारली.

"सहा! काका, सहा!" शलाका उड्या मारत म्हणाली. "आणि सगळी इकडे वळलीयत. उजवीकडे!"

तिचं बरोबर होतं. रोजची रॉकेटं वर चढून पश्चिमेला, आपल्या डोक्यावरून दूर निघून जायची. ही दक्षिणेकडे कलली होती, आखाताच्या ह्याच काठाच्या दिशेने. यूसुफने नकळत मूठ पुढे केली आणि तशीच धरून ठेवली. मुठीमागे काय आहे ते त्याला पहिल्यांदा कळलं. ह्याच आभाळातून पावणेदहाला त्याचं विमान जायचं होतं.

"काका, तुम्ही मोजत नाही?"

"नाही बेटा."

"व्हाय?" निदाने विचारलं.

तो उत्तर देणार तोच जिन्याचं दार आपटलं. शशिकांत धावत वर आला होता, पायात घरच्या चपला.

"यूसुफभाई..." त्याला दम लागला होता. "आकाश बंद केलं. आत्ताच जाहीर झालं. येणारी-जाणारी सगळी विमानं थांबवली."

"किती वेळ?"

"पुढची सूचना येईपर्यंत. मी विमान कंपनीला लावला फोन. ते म्हणाले, आम्हालाही तेवढंच माहीत आहे."

"म्हणजे एक तास? एक दिवस?"

"कुणालाच माहीत नाही हो," शशिकांत म्हणाला, आणि त्याने आपल्या मुलीचा हात धरला, जरा घट्टच.

वरचे पंखे पातळ होत चालले होते. यूसुफ खाली टेकला, चटईवर, मुलींच्या उंचीला येऊन. "शलाका, तू मागे एक प्रश्न विचारला होतास. हे पडतं कुठे म्हणून. मी लांब म्हणालो. ते उत्तर चुकीचं होतं. हे दर वेळी कुणाच्या तरी गावात पडतं. मला ठाऊक होतं. मला बघायला आवडत होतं, म्हणून मी सांगितलं नाही."

शलाकाने बापाकडे पाहिलं.

"मग आपण टाळ्या का वाजवल्या?" तिने विचारलं.

"मी वाजवल्या म्हणून तुम्ही वाजवल्या. मास्तर चुकला की वर्ग चुकतो."

ते खाली आले. बॅग दाराशीच होती. झुलेखाने टीव्ही लावला होता आणि आवाज बंद केला होता. पावणेआठला तल्हाचा फोन आला. तिकडे सव्वादहा वाजले होते. मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता.

"भाई, बातम्यांत दाखवतायत. खरं काय?"

"खरं आहे."

"उडेल कधी?"

"कुणी सांगत नाही."

तल्हा हलक्या आवाजात बोलू लागला, कुणाला ऐकू जाऊ नये असा. "ऐक. चार दिवस पाऊस धरलाय. कबर खणली ती दोनदा भरली, दोनदा उपसली. आत्ता अर्धा तास झाला, उघडलाय. चाळीस माणसं अंगणात उभी आहेत, बत्त्या घेऊन. लाईट दुपारपासून नाही. बर्फ आणला होता तो... भाई, कसं सांगू. मांच्या खालून पाणी येतंय. मला बघवत नाही."

यूसुफने डोळे मिटले.

"तू येतोयस म्हटलंस तर मी हे सगळं सोसेन," तल्हा म्हणाला. "रात्रभर उपसत राहीन. पण येणार असशील तर. नसशील तर मी तिला कशासाठी ठेवू?"

एवढ्यात फोन कुणीतरी हिसकावला. आपाचा आवाज आला. "यूसुफ! ह्याचं ऐकू नको. ह्याला घाई झालीय. एक रात्र, एक रात्र आईला ठेववत नाही ह्याला! तिनं तुझं नाव घेतलंन होतं. तुझ्या हातानं, म्हणाली होती. तू सांग, थांबा म्हणून. मी बसते तिच्या उशाशी, बघते कोण उचलतो!"

"आपा..."

"उद्या सकाळी विमानं सुरू झाली तर? मग ह्यानं काय तोंड दाखवायचं तुला? सांग थांबा!"

झुलेखा, निदा, शशिकांत, तिघेही त्याच्याकडे बघत होते. आयुष्यभर यूसुफला प्रश्नाचं उत्तर आधी ठाऊक असायचं आणि मग तो पोरांना त्याच्यापर्यंत हळूहळू न्यायचा. ह्या प्रश्नाचं उत्तर कुणापाशीच नव्हतं. ते वर, आभाळात होतं, आणि आभाळ बंद होतं.

"आपा, मांला थंडी सोसत नव्हती," तो शेवटी म्हणाला. "पावसात पाय भिजले तरी ओरडायची आपल्याला. तिला पाण्यात निजवून ठेवू नको. फोन तल्हाकडे दे."

आपा रडू लागली. रडतारडता म्हणाली, "तुझं मन दगडाचं," आणि फोन दिला.

"तल्हा. उठवा. मी सांगतो म्हणून उठवा. तू उतर आत. डोक्याकडून तू धर, हळू धर. तिची मान दुखायची."

"भाई, तुझा हक्क..."

"तू वीस वर्षं तिला उचलत होतास. आता पण तूच उचल."

साडेआठला, म्हणजे तिकडे अकरा वाजता, तल्हाचा दोन शब्दांचा निरोप आला. माती दिली. यूसुफ उठला, हातपाय-तोंड धुऊन वजू केला. कोकणातली आपली माणसं शाफई पंथाची. मयत समोर नसलं तरी त्याच्यासाठी जनाज्याची नमाज आपल्यात चालते. हॉलमधला टेबल बाजूला सरकवून तो पुढे उभा राहिला, मागे झुलेखा आणि निदा. शशिकांत दाराबाहेर चपला काढून, हात बांधून उभा राहिला. त्याला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं, पण तो सगळं होईपर्यंत हलला नाही. ह्या नमाजेत वाकायचा रुकू नाही, कपाळ टेकायचा सजदा नाही, उभ्याउभ्याच असते. दोन मिनिटांत संपली. निदाला ती फारच लहान वाटली. "दॅट्स ऑल?" तिने आईला विचारलं. झुलेखाने तिला जवळ घेतलं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी यूसुफचा फोन वाजला. निदा जवळ बसली होती, तिने उचलून वाचला.

"अब्बा, एअरलाईनचा मेसेज आहे." तिने परत वाचला. "आकाश उघडलं. तुमचं विमान आज रात्रीच आहे. अकरा पंचावन्न."

निदा बोटांवर मोजू लागली. तिला तशीच सवय लावली होती.

"चार तास विमान. मग घड्याळ अडीच तास पुढे. साडेसहा. एक तास बाहेर पडायला. पाच तास रस्ता..." ती थांबली. "साडेबारा. अब्बा, जोहरच्या आधी. तुम्ही जोहरच्या आधी पोचला असतात."

"हो," यूसुफ म्हणाला.

"तासाभरानेच चुकलं. ते जर—"

"निदा," झुलेखा म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "उठा. काय बसलात? शशिकांतभावजींना हाक मारते. माती नाही मिळाली तर निदान उद्या कबरीवर उभे राहाल. उठा ना!"

यूसुफ उठला नाही. त्याने निदाच्या हातातून फोन घेतला आणि निरोप पुन्हा वाचला. मग म्हणाला, "मी ह्या विमानाने जात नाही."

"वेडे झालात?"

"मी उद्या साडेबाराला अंगणात पाऊल टाकलं की काय होईल, सांग. आपा घड्याळ बघेल. जोहर व्हायची असेल अजून. ती तल्हाला म्हणेल, बघ, आला. एक रात्र. एक रात्र तुला ठेववली नाही. आज म्हणेल, ईदेला म्हणेल, त्याच्या पोरीच्या लग्नात म्हणेल. गावही म्हणेल. आणि तल्हा ऐकून घेईल, कारण त्यालाही तसंच वाटेल. मरेपर्यंत." तो थांबला. "ज्यानं तिची लघवी काढली, त्याच्या माथी मी हे मारू?"

"उठवा तुम्ही सांगितलंत. त्यानं नाही."

"ते तू लक्षात ठेवशील. आपा ठेवेल?"

झुलेखाने तोंडाला पदर लावला. तिला दीराचं घर माहीत होतं, नणंदेची जीभही माहीत होती. मग उठून दाराशी गेली, बॅग उघडली आणि जमजमची बाटली तेवढी बाहेर काढून ठेवली, टॉवेलासकट.

यूसुफने गावी फोन लावला. तिकडे मध्यरात्र होऊ घातली होती. तल्हा लगेच आला, जणू फोन हातात धरूनच बसला होता.

"भाई, मी उतरलो आत. गुडघाभर चिखल होता खाली, पण पाणी नव्हतं. डोकं मी धरलं. हळू ठेवली. फळ्या लावल्या नि मग वर माती." त्याचा श्वास अडकत होता. "वर आलो नि धो धो पाऊस. दहा मिनिटं उशीर झाला असता तर..."

"आपा?"

"बोलत नाही माझ्याशी. बसलीय कोपऱ्यात." मग त्याने तो प्रश्न विचारला जो तो इतका वेळ धरून बसला होता. "भाई, विमानांचं काय झालं? उघडलं का?"

निदा बापाच्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिने मान वर केली.

"नाही," यूसुफ म्हणाला. "बंदच आहे. उद्याचंही काही खरं नाही म्हणतात. बुध-गुरुवारकडे बघतो, तिसऱ्या दिवसाला पोचलो तर नशीब."

पलीकडे तल्हाने सोडलेला श्वास तिघांनाही ऐकू आला.

"म्हणजे थांबून काही झालंच नसतं."

"काही झालं नसतं."

"बरोबर केलं ना मी, भाई?"

"बरोबर केलंस," यूसुफ म्हणाला. "आपाला जाऊन सांग, विमानं बंदच आहेत म्हणून. आणि सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या. पेज करायला सांग बायकोला, दोन घास खा, आणि ते ओले कपडे बदल."